बिनपॅटर्नचा दगड

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मी चोवीस वर्षं पॅटर्न केले. ज्यांना फौंड्रीचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचं कुठलंही कास्टिंग ओतायचं तर आधी त्याचा लाकडी जोडीदार करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. तो जोडीदार म्हणजे पॅटर्न. हुबेहूब म्हणावा तर तसाही नसतो. बीड थिजताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर मोठा धरायचा. त्यासाठी आमच्याकडं वेगळी पट्टीच असते, तिच्यावरचा सेंटीमीटर बाजारातल्या सेंटीमीटरपेक्षा किंचित लांब. पुढं मशीनवर घासायला दोन-तीन मिलिमीटर जादा ठेवायचे. वाळूतून निघताना कड मोडू नये म्हणून उभ्या बाजूंना अंश-दीड अंश उतार द्यायचा. आत भोक हवं असेल तिथं कोअर, म्हणजे वाळूचाच वेगळा गाभा, बसवायचा. सागवानाला पहिला रंधा लागायच्या आधी वस्तू डोक्यात पुरी झालेली असते, आणि तीही उलटी, पोकळीच्या अंगानं.

चोवीस वर्षं असा विचार केल्यावर माणसाला दुसऱ्या तऱ्हेनं विचार करता येईनासा होतो. बायको म्हणते, तुम्ही भाकरीसुद्धा आकुंचन धरून थापायला सांगाल.

अशा माणसानं पन्नाशीच्या तोंडावर ड्रॉइंग नसलेला, कशासारखाच नसलेला दगड घडवायला बसावं, याचं गल्लीला जेवढं आश्चर्य वाटलं तेवढंच मलाही वाटलं.

सुरुवात विहिरीनं झाली. कडोलीच्या बाजूला मेव्हण्याच्या शेतात विहीर खोल करायचं काम निघालं होतं आणि वर आलेले काळे धोंडे बांधावर टाकून दिले होते. रविवारी जेवायला गेलो होतो. जेवून बांधावर हात धुतले, ते पाणी एका धोंड्यावर पडलं आणि राखाडी, मातकट दिसणारा तो दगड पाणी पडलं तेवढ्यापुरता काळानिळा झाला. सुकेपर्यंत बघत उभा राहिलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, न्या की. तेवढीच माझी अडगळ कमी." ट्रॅक्टरमधून तीन धोंडे घरी आले. वजनाचा अंदाज मात्र साफ चुकला होता. काळ्या दगडाचा एक घनफूट ऐंशी किलोच्या वर भरतो. गल्लीतली सहा पोरं लागली उतरवायला, आणि सगळ्यांना मिसळ खाऊ घालावी लागली ती वेगळीच.

आपला भाग दगडांच्या हिशोबानंही सीमाभागच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा दगड झाला, त्याचा दक्षिणेकडचा काठ इथंच आसपास येऊन संपतो. गोकाकला गेलात तर घटप्रभा ज्या कड्यावरून उडी घेते तो वालुकाश्माचा. खानापूर-जांबोटीकडं वळलात की जांभा लागतो, खाणीतून काढताना मऊ आणि वारं लागलं की टणक होत जाणारा. एका तालुक्यातून दुसऱ्यात जाताना जुन्या घरांच्या भिंती रंग बदलतात. पाट्यांवर कुठली लिपी असावी यावर आपण 1956 पासून भांडतोय. या दुसऱ्या सीमेवर मात्र अजून कुणी मोर्चा नेलेला नाही.

पहिल्या दगडाला मी माझ्या पद्धतीनं भिडलो. कागदावर तीन बाजूंनी ड्रॉइंग, प्लायवूडच्या टेम्प्लेट, सगळं रीतसर. आकार ठरवला होता, वर निमुळता होत जाणारा आणि एका अंगानं पिळलेला, कळीसारखा. ग्राइंडरला डायमंडचं पान लावून खाचा पाडायच्या आणि मधले कप्पे हातोडीनं उडवायचे. पाच आठवडे हेच केलं. पाचव्या शनिवारी, टेम्प्लेट बसायला बोटभर अंतर उरलं असताना, छिन्नीचा एक अगदी साधा घाव बसला आणि वरचा तिसरा हिस्सा फारसा आवाजही न करता सुटून खाली आला. फुटलेली बाजू पाहिली तर निम्मी गंजासारखी तांबडी. म्हणजे चीर आजची नव्हती. पाणी शिरून शिरून ती कधीची मुरलेली होती. दगड आधीपासूनच दोन होता, मी एक समजून चाललो होतो.

कास्टिंगमध्ये ब्लो-होल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची पोकळी, निघालं की शिव्या घालून ते परत भट्टीत टाकतात. बीड वितळतं आणि झालं-गेलं विसरतं. दगडात ही सोय नाही. उरलेला खालचा तुकडा आता मोरीत आहे, सपाट बाजू वर करून. बायको त्यावर कपडे आपटते. माझ्या सगळ्या कामांपैकी घरात मान असलेलं तेवढं एकच.

दगडावर हात बसलेला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. पाट्या-वरवंट्याला, जात्याला टाकी लावून द्यायला आमच्या गल्लीत एक वडार म्हातारे यायचे. मिक्सर आले आणि ते काम आटलं. आता मुलगा कंपाउंडच्या भिंतींचे ठेके घेतो, तिथं हे दगडांवर नजर टाकायला बसलेले असतात. घरात वडारी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि दगडाशी कानडी अशी त्यांची वाटणी आहे. आम्ही त्यांना अज्जा म्हणतो. ते मला 'फौंड्री' म्हणतात.

अज्जांनी मोरीतला दगड पाहिला, पण हसले नाहीत. उरलेल्या दोघांपाशी गेले, उकिडवे बसले आणि सुतकीनं एकेक टोला देऊन कान लावला.

"केळ्री," म्हणाले, "कल्ल हेळतैति." ऐका, दगड सांगतोय.

आता काहीतरी गूढ ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावून बसलो. दगडात दडलेली मूर्ती, नको तेवढं काढून टाकायचं, असलं काही. पण अज्जांचं म्हणणं बैल बाजारात दात बघण्याइतकं रोखठोक होतं. अखंड दगड खणखणतो. आत चीर असली की भद्द वाजतो, फुटक्या मडक्यागत. नुसत्या आवाजावर भागलं नाही तर पाणी. त्यांनी दोन्ही दगडांवर बादली ओतायला लावली आणि म्हणाले, "आता च्या करा." चहा होईस्तोवर दगड वाळत आले. एक सगळीकडून सारखा राखाडी झाला. दुसऱ्यावर खांद्यापासून पोटापर्यंत केसाएवढी ओली रेघ तेवढी मागं राहिली, कारण चिरेत शिरलेलं पाणी उशिरा सुकतं. अज्जांनी चुलीतला कोळसा मागून घेतला आणि त्या रेघेवर गिरवलं.

"हितं तुमचं चालणार नाही, फौंड्री. हितं त्याचं चालणार."

कानडी मुलखात जकणाचारी या शिल्पीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. बेलूरला त्यानं घडवलेल्या मूर्तीत खोट आहे असं एक पोरगेला शिल्पी म्हणाला. जकणाचारीनं पैज लावली, खोट निघाली तर उजवा हात तोडून देईन. मूर्तीला चंदनाचा लेप दिला. सगळा सुकला, बेंबीपाशी तेवढा ओला राहिला. तिथं फोडलं तर आत बेडूक. पोरगा त्याचाच मुलगा निघाला वगैरे पुढचं तुम्हाला माहीत असेल. इतिहासात हा जकणाचारी सापडत नाही. होयसळ शिल्पींनी मूर्तींखाली स्वतःची नावं कोरून ठेवली आहेत, त्यांत मल्लितम्म आहे, दासोज आहे. लहानपणी मला त्या गोष्टीतला बेडूक आवडायचा. आता लेप आवडतो. ज्यानं कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्यानं दगड वाळताना बसून पाहिलेला असणार.

दुसरा दगड, म्हणजे खणखणणारा, मी मुद्दाम ड्रॉइंगशिवाय घेतला. टेम्प्लेट नाही, मार्किंग नाही. कामावरून आल्यावर रोज दोन तास परसात बसायचं आणि हात नेईल तिकडं जायचं. तीन महिने हा उद्योग चालला. फार बरं वाटायचं. रात्री झोप छान लागायची. मी आता मोकळा झालो, अशी एक गोड समजूतही होत चालली होती.

एका संध्याकाळी मुलगा चहाचा कप घेऊन बाजूला येऊन उभा राहिला. डिप्लोमाला आहे तो, मेकॅनिकलला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हणाला, "पप्पा, हे पंपाचं केसिंग हाय की."

होतंच. एका बाजूनं अरुंद सुरू होऊन गोल फिरत रुंदावत गेलेलं पोट, शेवटी बाहेर काढलेलं तोंड, तोंडाला चपटी कडसुद्धा. असली केसिंगं मी शेकड्यानं केली आहेत. तो आत गेल्यावर काटकोन्या आणून लावला. उभ्या बाजू सरळ नव्हत्या. खालून वर दीड अंशाचा उतार होता, चारी बाजूंनी सारखा. हा धोंडा वाळूतून कोण काढणार होतं?

आतून येईल ते येऊ द्यावं, म्हणतात. आतून सगळ्यात आधी काय येतं, तर नोकरी.

मग मी उलटा नियम केला. ओळखू येईल ते मोडायचं. केसिंग मोडलं, तर शंखासारखं दिसायला लागलं. शंख मोडला, तर बसलेली म्हैस. म्हैस मोडली. शेवटी नारळाएवढा गोळा उरला, तो घरातल्या कुणालाच कशासारखा वाटेना. मला तर काहीच वाटेना. तो सध्या परसातलं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावून ठेवलेला असतो.

पॅटर्नचा हा रोग माझा एकट्याचा नाही, हे पुढं वाचताना कळलं. युरोपात एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले शिल्पकार संगमरवराला क्वचितच हात लावायचे. ते मातीत काम करायचे, त्यावरून प्लास्टर निघायचं आणि मग पॉइंटिंग मशीन नावाच्या साधनानं एकेक बिंदूची खोली मोजून कारागीर ते दगडात उतरवायचे. म्हणजे आमचीच फौंड्री, फक्त कपडे बरे. रोदँ या फ्रेंच शिल्पकाराचे संगमरवर असेच झाले. ब्रांकुशी नावाचा रुमानियन तरुण 1907 मध्ये त्यांच्या स्टुडिओत थोडे दिवस राहिला आणि निघून आला. त्याच सुमाराला त्यानं सरळ दगडावर छिन्नी लावायला सुरुवात केली, मधे माती नाही, प्लास्टर नाही. वीस वर्षांनी, 1927 मध्ये, पॅरिसला त्याच्या हाताखाली इसामू नोगुची हा अर्धा जपानी, अर्धा अमेरिकन मुलगा काम करत होता. पुढं म्हातारपणी नोगुचीनं जपानच्या शिकोकू बेटावर काळ्या बसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्याच जातीचे, मोठमोठे दगड घडवले. त्यांचे फोटो मी बराच वेळ पाहिले. दगडाची गंजलेली तपकिरी साल तो बरीचशी तशीच ठेवतो, मधेच एखाद्या ठिकाणी टाकी लावतो, एखादी जागा घासून आरशासारखी करतो. दगड तोच, पण टाकी लागली की राखाडी, पॉलिश केलं की काळाभोर. मेव्हण्याच्या बांधावर हात धुताना मी हेच पाहिलं होतं.

म्हणून पॅटर्न वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. वेरूळचं कैलास वरून खाली खोदत आणलेलं आहे. कळस आधी आणि जोतं शेवटी. तिथं 'हात नेईल तिकडं' असं कुणी केलं असतं तर आज नुसता खड्डा दिसला असता. आपल्या मूर्तिकारांची तालमापनं आहेत, चेहऱ्याच्या लांबीवर सगळं शरीर बेतायचं, नवताल म्हणजे नऊ चेहरे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट राजांच्या काळातली. लोक मान वर करून छतातलं कमळ बघतात. मी खांबांपाशी रेंगाळतो. लेथवर फिरवल्यासारखे गोल, खाचेवर खाच, इतके नेमके की माझ्यासारख्याला घरी आल्यासारखं वाटतं. त्या माणसांना शेवटच्या खाचेपर्यंत सगळं आधी ठाऊक होतं.

आणि तिथून बाहेर पडून गावाकडं वळावं, तर वेशीवर तांदळा बसलेला असतो. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. शेंदूर आणि एक नारळ. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आम्हाला शाळेत फळ्यावर लिहून द्यायचे. तांदळ्यानं एक घाव सोसलेला नसतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हटलं की आमची गल्ली हसते आणि तांदळ्यापुढं चपला काढते. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचा दगड काय नवसाला पावतो का?" यावर उत्तर नाही.

तिसरा दगड कोळशाच्या रेघेवाला. त्याला हात लावायला मी वर्षभर धजलो नाही. शेवटी अज्जांनाच बोलावलं. त्यांनी रेघेवर बोटभर अंतरानं लहान लहान खाचा घेतल्या, पाचरी बसवल्या आणि एकेकीला आळीपाळीनं हलकेच टोले देत गेले, कुठल्याही एकीला जास्त नाही. मधे थांबून विडी ओढली. टोल्यांचा आवाज हळूहळू वर चढत गेला आणि मग एकदम बसला. दगड उघडला. आतली बाजू तांबडी, पिवळसर, मधे पांढरे ठिपके. जी चीर पहिल्या दगडात माझा घात करून गेली होती, ती इथं विचारून घेतली म्हणून समोर आली. ही बाजू मी तशीच ठेवलीय. तिच्यावर टाकी लावलेली नाही.

बाकीच्या अंगाला मात्र टाकीच. ग्राइंडर बंद केला. एक तर धूळ; दगडाचा बारीक भुगा छातीत बसतो तो निघत नाही, आणि अज्जांचा खोकला मी जवळून ऐकलाय. दुसरं म्हणजे ग्राइंडर फार झटपट चालतो, माझी जुनी सवय त्याच्यावर बसून पुढं धावते. टाकी धावत नाही. अज्जांच्या टाक्या साध्या पोलादाच्या, दर दोन-चार दिवसांनी तापवून, ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर टोक तुटतं, कमी झालं तर वळतं. काळ्या दगडावर एका ठोक्याला तांदळाच्या कणीएवढं निघतं. तासाभरानं पाहिलं तर तळहाताएवढी जागा जरा फिकी झालेली. एवढ्या संथपणात केसिंग करायचं म्हटलं तरी होत नाही. हात त्या आधीच कंटाळून सवय सोडून देतो.

यंदा उन्हाळ्यात एका रात्री लाईट गेली. उकाडा होता म्हणून परसात येऊन बसलो. दगडावर हात ठेवला, गार होता, म्हणून फिरवत राहिलो. डावीकडच्या खांद्याखाली हात अडला. तिथं खरबरीत काही नव्हतं, उंचवटाही नव्हता. बोटं फक्त मंद व्हायची, उंबऱ्यापाशी माणूस होतो तशी. परत फिरवला, परत तिथंच. खडू आणून अंधारातच खूण केली.

सकाळी उजेडात पाहिलं तर त्या जागी काहीच चुकीचं दिसेना. चोवीस वर्षं इन्स्पेक्शनवाल्यांची बोलणी खाल्लेला माणूस एका रीडिंगवर विश्वास ठेवत नाही. मुलाच्या जुन्या दप्तरातले रंगीत खडू काढले. दुसऱ्या रात्री डोळे मिटून, दगडाच्या दुसऱ्या बाजूनं आलो आणि पिवळी खूण केली. तिसऱ्या रात्री खाली बसून, निळी. चौथ्या रात्री डाव्या हातानं, तांबडी. पाचव्या रात्री जेवण जास्त झालं होतं, तरी केली. सहाव्या दिवशी स्केल लावली. पाचपैकी चार खुणा चार बोटांच्या जागेत. पाचवी, जेवणानंतरची, पार तिसरीकडंच.

फौंड्रीत एवढ्यावर लॉट पास करतात.

आठ दिवस तिथं टाकी चालवली. सगळं मिळून दोन-तीन मिलिमीटर गेले असतील, मशिनिंगला ठेवतो तेवढेच. हात आता तिथून सरळ पुढं जातो आणि तांबड्या बाजूच्या कडेला जाऊन थांबतो. तिथंही खुणा केल्या, याही एका जागी जमत गेल्या. मला माझ्या हाताचं जरा कौतुक वाटायला लागलं होतं.

मग अज्जा आले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हिरवी पट्टी होती. म्हटलं बरं झालं, दिसायची भानगड नको. खुणा पुसल्या आणि त्यांचा हात दगडावर ठेवला. "कुठं अडतंय सांगा." त्यांनी सावकाश फिरवला. माझ्या पहिल्या जागेवरून गेले, तांबड्या कडेवरून गेले, कुठंही रेंगाळले नाहीत. मागच्या बाजूला, जिथं मी बसतो तिथून दिसतही नाही अशा ठिकाणी, तळापासून वीतभर वर थांबले.

"हितं."

"तिथं काय आहे?"

"काय की. हितं जड हाय."

मी माझी कड दाखवली. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. मीही त्यांच्या जागेवर हात फिरवला, मला काही लागलं नाही. दोघंही आपापल्या बोटावर ठाम. चहा आला म्हणून विषय थांबला. त्यांच्या हातात पन्नास-साठ वर्षांचे पाटे आणि भिंती आहेत, माझ्यात पंप. एकाच दगडावर ते दोन वेगळ्या ठिकाणी थांबणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

ते गेल्यावर मी कडेवर परत खडूनं खूण केली. त्यांच्या जागेवर केली नाही.

त्याच रात्री मिरगाचा पाऊस झाला. ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि दगड रात्रभर भिजला. सकाळी खडू धुऊन गेलेला, सगळा दगड काळानिळा, पहिल्या दिवशी बांधावर होता तसा. माझी खूण कडेवर नेमकी कुठं होती ते सापडेना. अज्जांची जागा खुणेशिवाय सापडली. रविवारी मागच्या बाजूला पाट टाकून बसलो, तिथं टाकीचं टोक टेकवलं, सुतकी उचलली. मारली नाही अजून.